शब्बीर ते शब्बीर सर

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी भाषेची एक गंमत आहे. खेळाडू कितीही मोठा झाला तरी आपण त्याला एकेरीतच संबोधतो. गावसकर मुंबईचा, सचिन आपल्या घरचा. गप्पांच्या कट्ट्यावर ‘गावसकरांनी शतक काढले’ असे कोणी म्हणाले तर चार माना त्याच्याकडे वळतील. पण सचिनला ज्यांनी शिकवले ते मात्र आचरेकर सर. तेथे एकेरी येत नाही, जीभच वळत नाही. खेळणारा तो ‘तो’ आणि शिकवणारे ते ‘ते’, हा भेद आपल्या भाषेने न सांगता करून ठेवला आहे.

या लेखात ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते एकाच आयुष्यात ‘तो’चे ‘ते’ झाले. म्हणून लेखाच्या पूर्वार्धात मी त्यांना शब्बीर म्हणणार आहे आणि उत्तरार्धात शब्बीर अली सर. यात अनादर नाही, मैदानाचा रिवाज आहे.

शब्बीर अली हे नाव आपल्या महाविद्यालयात किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. विरारपासून नायगावपर्यंत क्रिकेटच्या अकरा खेळाडूंची नावे झोपेत सांगणारे शेकड्यांनी भेटतील. आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांत तर फुटबॉलही जीव टाकून खेळला जातो; तेथील मुलांना परदेशी खेळाडूंच्या बुटांचे रंगसुद्धा पाठ असतात. पण मुंबईच्या मैदानावर नाव कमावलेला, आशिया खंडाचे युवक विजेतेपद देशाला मिळवून देणारा आणि पुढे गोव्याच्या संघाला राष्ट्रीय लीग जिंकून देणारा आघाडीवीर त्यांना ठाऊक नसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

१९५६ साल

शब्बीरचा जन्म २६ एप्रिल १९५६ रोजी हैदराबादला झाला. भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने हे साल विलक्षण आहे. त्याच वर्षी गोव्यात साळगावकर क्लब स्थापन झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. आशियातील कोणत्याही देशाने तोवर हे केले नव्हते. त्या चारपैकी तीन गोल केले नेव्हिल डिसोझाने. नेव्हिल मूळचा गोव्यातील आसगावचा, पण खेळला तो मुंबईत. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई फुटबॉलपटू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारत हरला, तरी सामन्यातील पहिला गोल नेव्हिलचाच होता. चार गोल करून तो त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूंच्या बरोबरीने बसला.

त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हे गृहस्थ हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. ‘मैदान’ हा २०२४ सालचा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले तेव्हाही प्रशिक्षक रहीम साहेबच होते. त्या सामन्यातील एकमेव गोल मेवालालचा. १९६२ साली जाकार्ता येथे पुन्हा सुवर्णपदक मिळाले. दुसऱ्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीम साहेब कर्करोगाने गेले.

ही माहिती मी उगाच दिलेली नाही. शब्बीरच्या गोष्टीत ‘इराण’ आणि ‘मास्तर’ हे दोन शब्द पुनःपुन्हा येणार आहेत. ते दोन्ही त्याच्या जन्माआधीपासून आपल्या फुटबॉलला चिकटलेले आहेत.

बँकॉक, एप्रिल १९७४

रहीम साहेब गेल्यानंतर भारतीय फुटबॉल उतरणीला लागला. १९७० साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळाले. त्यानंतर त्या स्पर्धेत फुटबॉलचे एकही पदक भारतीय पुरुष संघाच्या हाती आलेले नाही. अशा काळात, १९७४ च्या एप्रिलमध्ये, आशियाई युवक स्पर्धेसाठी भारताचा संघ त्याच बँकॉकला गेला. प्रशिक्षक होते १९६० चे ऑलिंपिक खेळलेले अरुण घोष. कर्णधार होता शब्बीर अली. त्याच महिन्यात त्याने वयाची अठरा वर्षे पूर्ण केली. आपल्याकडे अठराव्या वर्षी मुलगा बारावीच्या निकालाची वाट पाहत असतो.

हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. समोर इराण. युवकांच्या गटात त्या वेळी इराणचा दबदबा होता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. कर्णधार शब्बीरने त्या स्पर्धेत पाच गोल केले. आशियाई युवक विजेतेपद भारताला त्यापूर्वी मिळाले नव्हते आणि त्यानंतर आजपर्यंत मिळालेले नाही.

पाच गोल हा आकडा लिहायला सोपा आहे. पण आघाडीवीर, ज्याला आमच्या गावात नुसते ‘फॉरवर्ड’ म्हणतात, तो नेमके काय करतो हे समजल्याशिवाय त्या आकड्याचे मोल कळत नाही.

प्रेक्षकाला गोल दिसतो. गोलाच्या आधीची चाल दिसत नाही. नव्वद मिनिटांच्या खेळात आघाडीवीराच्या पायाशी चेंडू फार थोडा वेळ असतो. उरलेला सारा वेळ तो चेंडूवाचून खेळतो. दोन बचावपटूंच्या मध्ये अशा जागी उभा राहतो, की ‘याला तू धर, की मी धरू’ हा प्रश्न दोघांना पडावा. बाजूच्या रेषेवरून आपला खेळाडू चेंडू आत टाकणार असे दिसले, की जवळच्या खांबाकडे दोन पावले खोटी धाव घेतो. बचावपटू त्याच्यामागे झुकला रे झुकला, की वळून लांबच्या खांबाकडे मोकळा होतो. चेंडू तेथे येईपर्यंत हा आधीच हजर असतो. प्रेक्षक म्हणतात, ‘नशीबवान आहे, चेंडू बरोबर त्याच्याकडेच गेला.’ खरे तर चेंडू त्याच्याकडे गेलेला नसतो. चेंडू जिथे जाणार तिथे तो गेलेला असतो.

दहापैकी नऊ वेळा ही धाव फुकट जाते. चेंडू येतच नाही, किंवा आला तरी उंच जातो. तरी दहाव्यांदा तितक्याच वेगाने धावणे, हा आघाडीवीराचा धर्म. रोज दाराशी जाऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणाऱ्या फेरीवाल्याची चिकाटी त्याला लागते.

हजेरीपटावर नाव, मैदानावर घाम

बँकॉकचा हा कर्णधार पुढे मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागला. हैदराबादचा मुलगा मुंबईला का आला, हे समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था पाहिली पाहिजे.

आजच्यासारखे खेळाडूंचे लिलाव आणि करार तेव्हा नव्हते. मुंबईचा फुटबॉल उभा होता तो कंपन्या, गिरण्या, बँका आणि रेल्वे यांच्या संघांवर. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, आर.सी.एफ. ही नावे आपल्याला कारखान्यांची आणि कचेऱ्यांची म्हणून माहीत आहेत. हारवूड लीग आणि रोव्हर्स चषक पाहणाऱ्यांना ती फुटबॉल संघांची म्हणून माहीत होती. चर्चगेट स्थानकावरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर असलेल्या कूपरेज मैदानावर हे सामने होत. रोव्हर्स चषक तर १८९१ सालापासूनचा.

या व्यवस्थेत खेळाडूला खेळासाठी नोकरी मिळे. हजेरीपटावर त्याचे नाव असे, काही वेळ तो कचेरीत बसे आणि उरलेला वेळ सराव करी. महिन्याच्या पगाराची चिंता मिटे. गरीब घरातल्या मुलाला फुटबॉल खेळू द्यायला आईबाप तयार होत ते या पगाराकडे पाहून. नेव्हिल डिसोझा असाच टाटा आणि कॅलटेक्स या संघांकडून खेळला, आणि पुढच्या पिढीत शब्बीर टाटांकडून. आमच्या वसईकडचे जुने लोक ‘अमका कंपनीत लागला’ असे म्हणतात, त्यातला कौतुकाचा सूर ज्यांनी ऐकला असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

मुंबईत नाव झाल्यावर सत्तरचे दशक संपता संपता शब्बीर कलकत्त्याला गेला. आधी ईस्ट बंगाल आणि मग मोहम्मेडन स्पोर्टिंग. कलकत्त्याच्या फुटबॉलवेडाविषयी आपण ऐकून आहोत. तेथे जिंकलेल्या संघाला डोक्यावर घेतात आणि हरलेल्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. मोहम्मेडनने १९८१ साली कलकत्ता लीग जिंकली त्या संघात शब्बीर होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंत भारताच्या आघाडीच्या फळीतील तो एक प्रमुख खेळाडू राहिला.

पुन्हा इराण

शब्बीर कलकत्त्यात असतानाच इराण पुन्हा त्याच्यासमोर आला. या वेळी मात्र देश म्हणून आला नाही, माणसांच्या रूपाने आला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आलेले इराणी विद्यार्थी १९८० साली ईस्ट बंगालमध्ये दाखल झाले. त्यांत माजिद बिश्कर होता आणि जमशिद नासिरी नावाचा आघाडीवीर होता. जमशिदचे गाव खुर्रमशहर. १९८० च्या सप्टेंबरात इराण-इराक युद्ध पेटले आणि त्यात ते शहर उद्ध्वस्त झाले. शिकायला आलेला मुलगा खेळाडू झाला, कलकत्त्याचाच होऊन राहिला आणि पुढे प्रशिक्षकही झाला. २९ जानेवारी २०२२ रोजी ईस्ट बंगालविरुद्ध मोहन बागानकडून बदली खेळाडू म्हणून उतरून हॅटट्रिक करणारा कियान नासिरी हा त्याचाच मुलगा. परदेशात जन्मलेल्या बापाची विद्या अशी इथल्या मातीत रुजली.

मुंबईकरांनाही या मंडळींचे दर्शन घडले. १९८० चा रोव्हर्स चषक ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन यांना संयुक्तपणे मिळाला. बँकॉकमध्ये भारत आणि इराण यांनी चषक वाटून घेतला होता. कूपरेजवर एका बाजूला माजिद-जमशिदचा ईस्ट बंगाल आणि दुसऱ्या बाजूला शब्बीरचा मोहम्मेडन यांच्यात तो पुन्हा वाटला गेला. नियतीला गणितापेक्षा यमक अधिक आवडत असावे!

पण मित्रहो, येथे थोडे थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. एप्रिल १९७४ मध्ये दोन देशांची अठरा-एकोणीस वर्षांची मुले एका मैदानावर उतरली आणि दोघेही तुल्यबळ ठरले. त्यानंतर काय झाले? इराणने १९७६ साली लागोपाठ तिसऱ्यांदा आशिया चषक जिंकला आणि १९७८ साली अर्जेंटिनात विश्वचषक खेळला. तेथे स्कॉटलंडला १-१ असे रोखलेही. भारताच्या वरिष्ठ संघाने १९७४ च्या सप्टेंबरातच, तेहरानच्या आशियाई स्पर्धेत, चीनकडून ७-१ असा मार खाल्ला. विश्वचषक अजूनही आपल्याला दूरदर्शनवरच पाहावा लागतो.

मुले तीच, वय तेच, निकालही बरोबरीचा. मग चार वर्षांत एवढी दरी कशी पडली? पैसा, मैदाने, सरकारचे लक्ष ही कारणे आहेतच. पण मला त्यात आणखी एक कारण दिसते. इराणच्या युवक संघाला घडवणारे हेश्मत मोहाजेरानी हेच पुढे वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक झाले. १९७६ चा आशिया चषक आणि १९७८ चा विश्वचषक इराण त्यांच्या हाताखाली खेळला. म्हणजे मुले वरच्या वर्गात गेली तेव्हा त्यांचे मास्तरही त्यांच्याबरोबर वर गेले. आपल्याकडे रहीम साहेब १९५१ पासून १९६२ पर्यंत होते, तोवर हेच घडत होते. ते गेले आणि साखळी तुटली. पुढे शब्बीरसारखी पोरे आपल्या गुणांवर चमकली, पण त्यांना हाताला धरून पुढे नेणारी सलग व्यवस्था उरली नाही.

खेळाडू आभाळातून पडतो असे वाटते. शिक्षक मात्र घडवावा लागतो आणि टिकवावा लागतो.

तेथून पुढे शब्बीर अली सर

खेळणे संपल्यावर खेळाडूचे काय होते? कंपनी संघांच्या व्यवस्थेची ही दुसरी बाजू आहे. नोकरीने त्याला पोटाला दिले, पण पाय थकले की तीच नोकरी त्याला कचेरीत ओढून नेई. ज्याने वीस वर्षे बचावपटूंच्या मधली फट शोधली तो उरलेली वीस वर्षे फायलींत पाने लावी. प्रशिक्षक होणे हा पोट भरण्याचा धंदा नव्हता. त्यामुळे किती जणांची विद्या त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली असेल, याला हिशेब नाही.

शब्बीर अली सरांनी शिकवण्याचा मार्ग धरला. यात एक अडचण आहे, ती समजून घेण्याजोगी आहे. आघाडीवीराचे ज्ञान त्याच्या अंगात असते. ‘तू त्या क्षणी डावीकडे का वळलास?’ असे विचारले तर तो म्हणेल, ‘वळलो खरा.’ पट्टीच्या सुगरणीला मिठाचे प्रमाण विचारावे तसे हे आहे. ती म्हणते, ‘अंदाजाने घाल.’ पण शिकवणाऱ्याला अंदाजाने चालत नाही. त्याला तो अंदाज शब्दांत मांडावा लागतो, तोही अकरा वेगवेगळ्या डोक्यांना पटेल अशा शब्दांत. आघाडीवीराने आयुष्यभर एकाच गोलाकडे पाहिलेले असते. प्रशिक्षकाला दोन्ही गोल पाहावे लागतात. खेळताना गोल हुकला तर पुढच्या धावेत भरून काढता येतो. रेषेबाहेर उभे राहून दुसऱ्याने हुकवलेला गोल नुसता पाहावा लागतो. म्हणूनच मोठा आघाडीवीर मोठा प्रशिक्षक होतोच असे नाही. झाला तर ती त्याची दुसरी आणि अधिक अवघड कमाई असते.

भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली. पहिली दोन विजेतेपदे पंजाबच्या जे.सी.टी.ने आणि कलकत्त्याच्या मोहन बागानने नेली. तिसऱ्या हंगामात, १९९८-९९ साली, साळगावकर क्लबने ती जिंकली. राष्ट्रीय लीग जिंकणारा गोव्याचा हा पहिला संघ, आणि त्याचे प्रशिक्षक होते शब्बीर अली सर. ब्रूनो कुटिन्हो हा गोव्याचा नामांकित आघाडीवीर त्या संघात होता. त्याला पुढे २००१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९५६ साली जन्मलेला माणूस आणि १९५६ साली जन्मलेला क्लब वयाच्या त्रेचाळिशीत एकत्र आले आणि देशात पहिले ठरले.

त्या विजयाने गोव्याला एक वाट दिसली असे म्हणायला हरकत नाही. पुढे आर्मांदो कुलासो या गोव्याच्याच प्रशिक्षकाने धेंपो संघाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. चर्चिल ब्रदर्सने ते दोनदा मिळवले. २०१०-११ मध्ये साळगावकरने पुन्हा एकदा. वसईहून जरा मोठे म्हणावे एवढे ते राज्य! पण तेथे गावोगाव मैदाने आहेत आणि मैदानावर शिकवणारी माणसे आहेत.

आमच्या मुंबईतही असे एकदा घडले. २००५-०६ साली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक डेरिक परेरा, तेही माजी खेळाडूच. महाराष्ट्राच्या संघाने ती लीग जिंकण्याची ती एकमेव वेळ. आणि २०१० साली तो संघच बंद झाला. रोव्हर्स चषकाची शेवटची स्पर्धा त्याआधीच २०००-०१ मध्ये होऊन गेली होती. कंपन्यांचे संघ एकामागून एक मिटले आणि ‘कंपनीत लागला’ हे वाक्य फुटबॉलपुरते तरी इतिहासजमा होत गेले.

२०११ साली शब्बीर अली सरांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. आयुष्यभराच्या क्रीडासेवेसाठी हा पुरस्कार केंद्र सरकारने २००२ साली सुरू केला होता. तो मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. बँकॉकच्या विजयाला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती.

आपल्याला काय त्याचे?

हा प्रश्न रास्त आहे. माझ्या वडिलांनीही तो विचारला. ते शाळेत सातवीपर्यंत शिकले, आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. ते म्हणाले, “लेख लिहितोस ते बरंच आहे. पण बॉल खेळून पूर्वी नोकरी तरी मिळायची. आता काय मिळतं?” वडिलांच्या प्रश्नात एका पिढीचा अनुभव आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

आज फुटबॉलमध्ये पैसा आहे, पण तो वर, शिखरावर आहे. खाली पायथ्याशी जी नोकरी होती ती गेली. विरारहून पहाटेची लोकल पकडून निवड चाचणीला जाणारा मुलगा दहा वेळा जातो आणि नऊ वेळा रिकाम्या हाताने परततो. आघाडीवीराची चिकाटी त्याला मैदानाबाहेरच जास्त लागते. दहाव्या वेळीही दार उघडले नाही तर त्याने काय करायचे?

मला वाटते, याचे एक उत्तर शब्बीर अली सरांच्या उत्तरार्धात आहे. खेळाडू म्हणून शिखर गाठणारे हजारांत एक. पण चांगला शिक्षक होण्यासाठी शिखर गाठलेले असावे लागत नाही. रहीम साहेब मुळात शाळामास्तरच होते. प्रशिक्षणाचे रीतसर परवाने आता आहेत. ‘डी’पासून सुरुवात करून ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’ अशा पायऱ्या चढत जाता येते. शाळा आणि क्लब यांना असे परवानाधारक शिक्षक लागतात. मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळलेले खालिद जमील याच वाटेने चढत गेले. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरमच्या छोट्याशा ऐझॉल संघाला आय-लीग जिंकून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली.

आणि पाहा, इराण तेथेही आडवा आलाच! त्यांच्या दुसऱ्याच सामन्यात, १ सप्टेंबर २०२५ रोजी ताजिकिस्तानात, भारत इराणकडून ३-० असा हरला. मात्र त्याच स्पर्धेत पुढे ओमानला पेनल्टींवर हरवून भारताने तिसरा क्रमांक मिळवला. १९५१ मध्ये १-०, १९७४ मध्ये २-२, २०२५ मध्ये ०-३. या तीन आकड्यांत भारतीय फुटबॉलची पाऊणशे वर्षे मावतात. पहिल्या आकड्याच्या वेळी आपल्याकडे रहीम साहेब होते. दुसऱ्याच्या वेळी शब्बीर होता, पण त्याच्या पाठीशी सलग व्यवस्था नव्हती. तिसऱ्या आकड्यानंतर काय करायचे ते अजून आपल्या हातात आहे.

आमच्या गावात एक निवृत्त गृहस्थ आहेत. तारुण्यात ते मुंबईत एका कंपनीच्या संघातून खेळत. आता रविवारी सकाळी वाडीतले काम आटोपून मैदानावर येतात आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांना शिकवतात. पैसे घेत नाहीत. हातात शिट्टी, पायात साध्या चपला. त्यांचे एक वाक्य ठरलेले आहे, “बॉल कुठे आहे ते सगळ्यांनाच दिसतं रे, बॉल कुठे येणार ते बघ.” गावातली बाकी माणसे त्यांना नावाने किंवा नात्याने हाक मारतात. ती पोरे मात्र त्यांना सर म्हणतात. कोणत्याही परवान्याआधी मिळालेली ही पदवी आहे.

अशी माणसे आपल्या तालुक्यात आणखी असणार. त्यांचे पाय आता धावत नसले तरी त्यांच्या डोक्यात कूपरेजचे मैदान अजून हिरवे असेल. महाविद्यालयाच्या जिमखान्याला माझी एक सूचना आहे. दरवर्षी आपण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावर पंधरा दिवस सराव करतो आणि दुसऱ्या फेरीत परततो. त्याऐवजी अशा एखाद्या जुन्या खेळाडूला वर्षभर बोलवावे, त्यांना मानधन द्यावे आणि आपल्यापैकी ज्यांना आवड आहे त्यांनी त्यांच्या हाताखाली जवळच्या शाळेतील मुलांना शिकवायला सुरुवात करावी. खर्च फार नाही. चार चेंडू, एक शिट्टी आणि रविवारची सकाळ.

यातून एखादा शब्बीर निघेल की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. पण आपल्यापैकी चार-सहा जणांना पाच वर्षांनी कुणी लहान मूल मैदानावरून ‘सर’ म्हणून हाक मारील, हे मात्र नक्की सांगता येते. आणि वडिलांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्यापेक्षा चांगले उत्तर देता येईल.